मशीन लर्निंगने दरडप्रवणतेचा नकाशा: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सह्याद्रीवरचे दरडप्रवणतेचे नकाशे आता विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था, सल्लागार असे बरेच जण करतात. माहिती फुकट मिळते, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालते. अहवालात अचूकता ९५ टक्के लिहिलेली असते. नकाशा उघडला की मात्र सगळे कडे लाल आणि कड्याखालच्या सगळ्या वाड्या हिरव्या दिसतात. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३ची रात्र) या तिन्ही ठिकाणी माणसे राहत होती ती सुटणाऱ्या उताराच्या खाली, आणि राडारोडा वरून आला. माळीणमध्ये १५१ जण गेले, तळीयेत ८०हून अधिक. ज्या नकाशात अशी वाडी हिरवी दिसते तो नकाशा नसलेला बरा.

उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातला महाड–पोलादपूर भाग, म्हणजे सावित्रीचे खोरे, घेतला आहे. क्रम तोच ठेवून तुम्हाला मावळ, आंबेगाव, पाटण किंवा सत्तरीतही काम करता येईल. क्यूजीआयएस (नकाशांचे फुकट सॉफ्टवेअर) आणि पायथन वापरता येतात असे गृहीत धरले आहे.

सुरुवातीआधी: काय काढायचे आहे ते एका वाक्यात लिहा

तीन वेगळ्या गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. प्रवणता म्हणजे कुठला उतार सुटण्याजोगा आहे. धोका म्हणजे कुठे, किती मोठी दरड आणि किती काळात. जोखीम म्हणजे तिथे कोण राहते, काय उभे आहे आणि किती नुकसान होईल. खाली सांगितलेल्या मॉडेलमधून फक्त पहिली गोष्ट निघते, कारण त्यात ‘कधी’ नसते. त्यामुळे नकाशाचे शीर्षक ‘दरडप्रवणता’ असे द्या. शीर्षकात ‘धोका’ लिहिलेत तर तहसील कार्यालयातला माणूस तो नकाशा पुढच्या पावसाळ्याचा अंदाज म्हणून वाचेल.

टप्पा १: हद्द आणि दरडीचा प्रकार ठरवा

हद्द तालुक्याची घेऊ नका, पाणलोटाची घ्या. तालुक्याची सीमा ओढ्याच्या मधून जाते आणि वरच्या बाजूचे पाणी हिशेबातून सुटते. महाड–पोलादपूरसाठी सावित्री आणि तिच्या उपनद्यांची खोरी पार घाटमाथ्यापर्यंत घ्या आणि भोवती एक-दोन किलोमीटरची जास्तीची पट्टी ठेवा. ही पट्टी अगदी शेवटी कापायची असते. ती आधीच कापली तर कडेच्या पिक्सेलचे उतार आणि पाण्याचे आकडे चुकतात.

मग प्रकार ठरवा. कड्यावरून सुटणारे धोंडे, मुरूम-मातीची उथळ घसरण, घळीतून येणारा चिखल-दगडांचा लोंढा आणि जमिनीला भेगा पडून हळूहळू खचणे ही चार वेगळी कामे आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. सगळ्यांना ‘दरड’ म्हणून एकाच मॉडेलमध्ये घातले तर मॉडेल सरासरी शिकते, आणि ती सरासरी प्रत्यक्षात कुठल्याच उतारावर नसते. पहिल्या कामासाठी उथळ घसरण आणि लोंढ्याचा सुटण्याचा भाग घ्या. सह्याद्रीत जीवितहानी याच प्रकारात जास्त होते आणि उपग्रह चित्रात ओरखडेही (दरडीने उतारावर सोडलेल्या उघड्या खुणा) यांचेच स्पष्ट दिसतात.

टप्पा २: दरडींची यादी. निम्मा वेळ इथे द्या

बहुतेक लोक यादी दोन दिवसांत उरकतात आणि मॉडेल चाळवण्यात दोन महिने घालवतात. माझ्या मते हे प्रमाण उलटे असायला हवे. कच्ची यादी कुठल्याही अल्गोरिदमने पक्की होत नाही.

सुरुवात तयार नोंदींपासून करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडींच्या नोंदी आणि १:५०,००० प्रमाणाचे प्रवणता नकाशे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३मध्ये काढलेल्या दरड अ‍ॅटलासमध्ये १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडींचा आधार आहे. नासाची जागतिक दरडसूचीही मिळते, पण तिच्यातला ‘स्थानाची अचूकता’ हा रकाना वाचल्याशिवाय तिला हात लावू नका. बातम्यांवरून घेतलेल्या अनेक बिंदूंपुढे तिथे ५ किंवा २५ किलोमीटर असे लिहिलेले असते. असा बिंदू ३० मीटरच्या पिक्सेलवर ठेवून मॉडेलला शिकवणे म्हणजे त्याला चुकीचे शिकवणे आहे. हे बिंदू ‘इथे कुठेतरी शोधा’ एवढ्यापुरतेच वापरा.

मग स्वतः आखणी करा. पावसाळ्यात सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे जवळजवळ पूर्ण ढगाखाली असतात. पहिले स्वच्छ चित्र साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळते. २२ जुलै २०२१च्या पावसातले ओरखडे शोधायचे असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर २०२०चे आणि त्याच महिन्यांतले २०२१चे चित्र शेजारी ठेवा. एप्रिल-मेचे चित्र ‘आधीचे’ म्हणून घेण्याची चूक फार होते. तेव्हा सगळा डोंगर वाळलेला, पिवळा-तपकिरी असतो, जागोजागी वणव्याचे काळे पट्टे असतात आणि पावसाळ्यानंतरच्या हिरव्या चित्राशी तुलना केली की काहीही बदल दिसतो. उलट उशीर झाला तरीही पंचाईत होते, कारण कोकणच्या पावसात एक-दोन वर्षांत गवत ओरखडा झाकून टाकते.

सापडलेली प्रत्येक दरड गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रे मागे-पुढे करून तपासा. ओरखड्यासारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टी बऱ्याच असतात: दगडखाण, लाल मातीचा नवा रस्ता, नांगरून ठेवलेली वरकस जमीन, नव्याने पाडलेल्या पायऱ्या. खरी दरड उताराच्या दिशेने लांबट असते. तिचा माथा कमानीसारखा असतो आणि खाली पसरट पंखा दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आखताना पूर्ण ओरखड्याचा एकच बहुभुज काढू नका. माथ्याजवळचा सुटलेला भाग, मधली वाट आणि खाली साचलेला ढीग असे तीन तुकडे वेगळे आखा. मॉडेलला शिकवायचा तो फक्त पहिला. पूर्ण ओरखडा दिला तर खालच्या भातखाचराचा सपाट पिक्सेलही ‘दरड सुटते’ अशा खुणेने आत जातो, आणि मग सपाटीवरही दरड सुटते असे मॉडेल शिकते. बाकीचे दोन तुकडे फेकू नका, टप्पा ९मध्ये ते लागतील.

प्रत्येक दरडीसाठी तारीख (निदान वर्ष), प्रकार, कोणत्या चित्रावरून ओळखली, किती खात्री आहे आणि रस्त्याच्या कटिंगवर आहे की नैसर्गिक उतारावर, हे रकाने ठेवा. शेवटचा रकाना वगळू नका. आंबेनळी किंवा वरंध घाटात रस्ता बंद झाला की बातमी होते. मागच्या जंगलात त्याच रात्री सुटलेल्या दहा दरडींची नोंद कुणीच करत नाही. अशी यादी जशीच्या तशी दिली की ‘रस्त्यापासूनचे अंतर’ हा सगळ्यात मोठा घटक ठरतो. मॉडेल त्या वेळी बातमीदार कुठवर पोचला तेच शिकलेले असते. कटिंगवरच्या आणि नैसर्गिक दरडींची दोन वेगळी मॉडेल करा.

तपासा: प्रत्येक बहुभुजाची लांबट दिशा आणि डीईएमवरून (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, टप्पा ३ पाहा) निघालेली उताराची दिशा जुळते का? ४५ अंशांहून जास्त फरक असेल तर चित्र सरकलेले आहे किंवा बहुभुज चुकीच्या बाजूला पडला आहे. अरुंद सोंडेवर ३० मीटरच्या चुकीने दरड पलीकडच्या उतारावर जाऊन बसते.

टप्पा ३: उंचीची माहिती निवडा आणि तिची तारीख पाहा

फुकट मिळणाऱ्या डीईएमपैकी एसआरटीएम हे फेब्रुवारी २०००चे आहे. कोपर्निकसचे ३० मीटरचे डीईएम २०११ ते २०१५ या काळातल्या रडार मोजणीवर उभे आहे. ही तारीख महत्त्वाची, कारण दरड कोसळल्यावर जमिनीचा आकार बदलतो. घटनेनंतरच्या डीईएमवरून काढलेला उतार हा ओरखड्याचा उतार असतो, सुटण्याआधीच्या डोंगराचा नव्हे. तळीयेसाठी कोपर्निकस चालेल. माळीणची घटना मात्र त्याच्या मोजणीच्या काळातच येते, म्हणून तिथे एसआरटीएम घ्या.

सावध: ‘अ‍ॅलोस पालसार १२.५ मीटर’ नावाने मिळणाऱ्या फाइलला भुलू नका. रडार चित्रांसोबत येणारे ते डीईएम आपल्याकडे ३० मीटरच्या एसआरटीएमचेच बारीक तुकडे करून दिलेले असते. पिक्सेल लहान झाले तरी माहिती वाढत नाही. शिवाय तिथली उंची समुद्रसपाटीपासून नसून लंबगोलाकृती पृष्ठापासून मोजलेली असते. ते दुसऱ्या डीईएमसोबत वापरलेत तर ही चूक पटकन ध्यानात येत नाही.

घनदाट जंगलात ही सगळी डीईएम झाडांच्या शेंड्यांच्या जवळपासची उंची दाखवतात. जंगल संपते तिथे खोटी पायरी दिसते. झाडे वजा केलेली फॅबडेम ही आवृत्ती वापरून पाहा आणि दोन्हींवरून काढलेले उतार शेजारी ठेवून बघा.

मग डीईएम ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपणात आणा. सह्याद्रीचा सगळा पट्टा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३व्या विभागात येतो.

तपासा: उताराच्या नकाशात सगळीकडे ८५-८९ अंश दिसत असतील तर तुम्ही अक्षांश-रेखांशातच उतार काढला आहे. आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, असा तो घोळ आहे. मागे जा आणि प्रक्षेपण बदला.

टप्पा ४: कारणांचे थर

वीस-पंचवीस थर गोळा करण्याची हौस आवरा. आठ-दहा चांगले थर पुरतात. प्रत्येक थर घेताना एकच प्रश्न विचारा: हा दरड पडण्याआधीचा आहे का?

याच प्रश्नावर हरितपणाचा निर्देशांक अडकतो. दरडीनंतरच्या चित्रावरून तो काढला तर ओरखड्यावर झाडोरा नसल्यामुळे तिथला आकडा कमी येतो, मॉडेल ‘कमी हिरवे म्हणजे दरड’ असे शिकते आणि अचूकता आभाळाला भिडते. मॉडेल तेव्हा पडून गेलेली दरड ओळखत असते. पुढे कुठला उतार सुटेल हे त्याला काहीच कळलेले नसते. झाडोऱ्याचा आणि जमीनवापराचा थर नेहमी घटनेआधीच्या वर्षाचा घ्या.

उताराची दिशा थेट अंशांत देऊ नका. ० आणि ३६० ही एकच दिशा असली तरी मॉडेलला ती दोन टोके वाटतात. तिचे साइन आणि कोसाइन असे दोन थर करा.

खडकाच्या थराबद्दल आपल्याकडे वेगळी अडचण आहे. १:५०,०००च्या नकाशात सह्याद्री बहुतेक सगळाच बेसॉल्ट दिसतो. एकच रंग असेल तर त्यातून मॉडेल काय शिकणार? प्रत्यक्षात फरक पडतो तो लाव्हाच्या थरांमधल्या तांबड्या चिकणमातीच्या पट्ट्यांनी, माथ्यावरच्या जांभ्याने आणि कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या जाड मुरूम-मातीने. पाणी जांभ्यातून आणि भेगांमधून खाली झिरपते, चिकणमातीपाशी अडते आणि आडवे होऊन उतारावर पाझर म्हणून बाहेर येते. हे कुठल्याही तयार थरात नाही, पण डीईएमवरून जवळपास पोचता येते. कड्याची खालची कडा आखून घ्या आणि ‘कड्याच्या पायथ्यापासूनचे अंतर’ हा थर करा. माथ्यावरची पठारे आखून ‘वरच्या पठाराचे क्षेत्र’ हा दुसरा थर करा. तिसरा म्हणजे खोलगट-फुगीरपणा, कारण पाणी आणि माती दोन्ही खोलगट भागात जमा होतात. तयार थरांच्या लांबलचक यादीपेक्षा हे तीन मला जास्त मोलाचे वाटतात.

डोंगर कापून केलेली सपाट जागा, नवे शेतबांध, फार्महाउससाठी काढलेला रस्ता या गोष्टीही तयार मिळत नाहीत. चित्रावरून हाताने आखाव्या लागतात. कंटाळवाणे काम आहे, तरी करा.

पावसाचा थर नीट विचार करून घ्या. हवामान खात्याची जाळीबद्ध आकडेवारी ०.२५ अंशाची आहे, म्हणजे एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. अख्खा पोलादपूर तालुका एखाद-दुसऱ्या चौकोनात मावतो. अशा थराने एका उताराचा शेजारच्या उताराशी फरक कळणार नाही. जुलै २०२१च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. असा पाऊस दरड कधी सुटेल हे ठरवतो. कुठे सुटेल हे बहुतांशी जमीन ठरवते. पाऊस इशाऱ्याच्या वेगळ्या मॉडेलसाठी राखून ठेवा.

नुसती उंची आणि अक्षांश-रेखांश हेही टाळा. मॉडेल त्यांवरून जागा पाठ करते आणि शेजारच्या खोऱ्यात नेले की गडबडते.

आता सगळे थर एकाच जाळीवर बसवा. पिक्सेलचा आकार, सुरुवातीचा कोपरा आणि रांगांची संख्या एकच हवी. जमीनवापरासारख्या वर्गांच्या थराला ‘जवळचा शेजारी’ पद्धत लावा. तिथे सरासरीची पद्धत लावली तर जंगल (२) आणि खडक (४) यांच्या सीमेवर अचानक भातशेती (३) उगवते.

तपासा: प्रत्येक थराची किमान आणि कमाल किंमत छापून बघा. कुठे उणे ९९९९ दिसले तर रिकाम्या पिक्सेलची खूण खरा आकडा म्हणून आत शिरली आहे.

टप्पा ५: ‘दरड नाही’ असे नमुने निवडणे

मॉडेलला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. ‘नाही’चे नमुने सगळ्या नकाशातून कुठूनही उचलले तर त्यातले पुष्कळसे महाडच्या सपाट भातशेतीत, सावित्रीच्या पात्रात आणि माथ्याच्या पठारावर पडतात. मग मॉडेल शिकते ते एवढेच की सपाटीवर दरड सुटत नाही. हे सांगायला मॉडेल कशाला हवे?

तुमच्या यादीत सगळ्यात कमी उतारावर सुटलेली दरड किती अंशांवर आहे ते बघा. तिथपासून पुढच्या उतारांतूनच ‘नाही’चे नमुने घ्या. ज्ञात दरडींभोवती १००-२०० मीटर मोकळे सोडा. जो भाग ढगामुळे किंवा सावलीमुळे तुम्ही नीट पाहिलेलाच नाही, तिथून ‘नाही’ उचलू नका. दिसले नाही म्हणजे पडली नाही असे नसते.

एका दरडीमागे एक ते पाच ‘नाही’ घेण्याची पद्धत आहे. कितीही घ्या, पण मॉडेलने दिलेला ०.७ हा आकडा ‘दरड पडण्याची ७० टक्के शक्यता’ नसतो हे लक्षात ठेवा. तुम्ही ‘नाही’ किती घेतले यावर तो बदलतो. तो फक्त उतारांचा आपापसातला क्रम सांगतो. अहवालात ‘शक्यता टक्के’ असे लिहिलेले दिसले तर खोडा.

टप्पा ६: शिकवण्याचा आणि तपासण्याचा भाग वेगळा करणे

अचूकतेचे फुगलेले आकडे बहुतेक इथून येतात. एका दरडीत ४० पिक्सेल आहेत असे धरा. सगळे पिक्सेल पिसून ७०:३० केले तर त्याच दरडीचे २८ पिक्सेल शिकवायला जातात आणि १२ तपासायला. शेजारच्या पिक्सेलचा उतार, दिशा, खोलगटपणा जवळजवळ तोच असतो. पेपर फुटलेल्या परीक्षेसारखे हे झाले. गुण मिळतात, पण त्यांना अर्थ नसतो.

क्रम असा ठेवा. आधी हद्दीचे लहान पाणलोट पाडा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. मग विभागणी या क्रमांकावर करा. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड तयार आहे. एक पाणलोट पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर राहील याची काळजी घ्या. आकडे प्रमाणित करणे, थर गाळणे, मॉडेलचे पर्याय निवडणे हे सगळे शिकवण्याच्याच भागात करा. आधी सगळ्या माहितीवर थर निवडून नंतर विभागणी केली तरी पेपर फुटतोच.

तारखा असतील तर दुसरी, जास्त कठोर चाचणी घ्या: २०२१च्या आधीच्या दरडींवर शिकवा आणि २०२१च्या दरडींवर तपासा. नकाशा वापरला जाणार आहे तो पुढच्या पावसासाठी, म्हणून हीच चाचणी खरी.

पिसून केलेल्या विभागणीत एयूसी (मॉडेल दरड आणि ‘नाही’ यांचा क्रम किती बरोबर लावते त्याचा आकडा; ०.५ म्हणजे नुसता अंदाज, १ म्हणजे बिनचूक) ०.९५ मिळत होते आणि आता ०.७८ वर आले, असे झाले तर घाबरू नका. मॉडेल बिघडलेले नाही, ते पहिल्यापासून एवढेच होते. दुसराच आकडा छापा.

टप्पा ७: मॉडेल

यावर फार वेळ घालवू नका. आधी फक्त उतार हा एकच थर घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तरासाठीचे साधे सांख्यिकी मॉडेल) करा आणि आकडा लिहून ठेवा. मग सगळे थर घेऊन तेच करा. मग रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचे एकत्र मॉडेल), साधारण ५०० झाडांचे; प्रत्येक झाडाच्या शेवटच्या पानात, म्हणजे टोकाच्या गटात, किमान दहा-वीस नमुने राहतील असे ठेवा. वाटल्यास एक्सजीबूस्ट, हेही निर्णयवृक्षांचेच मॉडेल. चारही मॉडेलची तपासणी टप्पा ६च्या विभागणीवरच करा.

रँडम फॉरेस्ट नुसत्या उताराच्या मॉडेलपेक्षा जेमतेम पुढे असेल तर तुमच्या थरांत दम नाही किंवा यादी कच्ची आहे. अशा वेळी लोक डीप लर्निंगकडे पळतात. तसे न करता टप्पा २ आणि ४कडे परत जा. दोनशे-तीनशे दरडींच्या यादीवर न्यूरल नेटवर्कला शिकण्यासारखे फारसे काही नसते.

जमीनवापराचे क्रमांक लॉजिस्टिक रिग्रेशनला सरळ आकडे म्हणून देऊ नका. प्रत्येक वर्गाचा हो-नाही असा वेगळा रकाना करा.

तपासा: प्रत्येक थराचा परिणाम दाखवणारा आलेख काढा आणि तो डोंगर ओळखणाऱ्या माणसाला दाखवा. उताराचा आलेख आधी चढायला हवा आणि फार तीव्र उतारावर पुन्हा उतरायला हवा, कारण उभ्या कड्यावर घसरायला मातीच नसते. तो शेवटपर्यंत चढतच गेला तर यादीत कड्यावरून पडलेले धोंडे मिसळले आहेत का ते बघा.

टप्पा ८: आकड्यांचा नकाशा करणे

नकाशा छापल्यावर आधी लांबून बघा. सरळ रेषा, चौकोनी कडा, खडकाच्या नकाशाची सीमा अशी उमटलेली दिसते का? डोंगराला सरळ कडा नसतात. दिसल्या तर जो थर ते करतोय तो काढा आणि पुन्हा चालवा.

मग वर्ग पाडा. सॉफ्टवेअरचे ‘नैसर्गिक तुटक’ बटण दाबून पाच रंग करण्याची सवय सोडा. तपासणीच्या दरडी प्रवणतेच्या उतरत्या क्रमाने मोजा: सर्वाधिक प्रवण ५ टक्के जमिनीत किती दरडी येतात, १० टक्क्यांत किती, २० टक्क्यांत किती. या वक्रावरून सीमा ठरवा. ‘अतिप्रवण वर्गात एवढी टक्के जमीन आणि तपासणीच्या एवढ्या टक्के दरडी’ हे वाक्य तहसीलदारांना समजते. एयूसी ०.७८ समजत नाही, आणि समजावे अशी अपेक्षाही नको.

सोबत दुसरा नकाशा द्या: वेगवेगळ्या विभागण्यांतल्या मॉडेलचे जिथे एकमत नाही तो भाग. ती ठिकाणे आधी पाहायला जायची.

टप्पा ९: दरड कुठवर पोचेल

माझ्या माहितीतल्या बहुतेक कामांत हा टप्पाच नसतो आणि वाड्या हिरव्या राहतात त्या यामुळेच. वरच्या आठ टप्प्यांनी सांगितले ते फक्त दरड कुठून सुटेल. माणसे मात्र राहतात ती तिच्या वाटेत किंवा शेवटाला.

टप्पा २मध्ये वेगळे आखलेले तुकडे आता घ्या. प्रत्येक दरडीसाठी माथ्यापासून ढिगाच्या टोकापर्यंतचा उंचीतला फरक आणि आडवे अंतर मोजा. आडवे अंतर वाटेने मोजायचे, सरळ रेषेत नव्हे. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारा आकडा ज्या कोनाचा टॅन्जंट असतो तो पोच-कोन. कोन जितका लहान तितकी दरड लांब जाते. माथा वाडीच्या २०० मीटर वर असेल आणि पोच-कोन २५ अंश असेल तर राडारोडा सुमारे ४३० मीटर पुढे जातो. २० अंशांना सुमारे ५५० आणि १५ अंशांना जवळजवळ ७५० मीटर. सरासरी कोन वापरू नका, कारण सरासरी घेतली की निम्म्या दरडी तुमच्या रेषेच्या पुढे जातात. तुमच्या यादीतल्या सगळ्यात लांब पोचलेल्या दहा टक्के दरडींचा कोन घ्या. घळीतून येणारे लोंढे आणि मोकळ्या उतारावरची घसरण यांचे कोन वेगळे ठेवा, कारण पाणी मिसळलेला लोंढा घळीतून फार लांब जातो.

मग अतिप्रवण पिक्सेलपासून खाली वाटा सोडा. सागा या नकाशा-सॉफ्टवेअरमधले ग्रॅव्हिटेशनल प्रोसेस पाथ हे साधन किंवा फ्लो-आर हे सॉफ्टवेअर हे काम करते. आधी ज्ञात दरडींवर चालवून बघा: आखलेले ढीग पुरते झाकले जातात का? नसतील तर कोन कमी करा. नंतरच सगळ्या नकाशावर चालवा.

अंतिम नकाशात दोन वेगळे रंग हवेत, एक सुटण्याच्या जागेचा आणि दुसरा पोचेल त्या पट्ट्याचा. दोन्ही मिसळून एकच लाल करू नका. वरच्या जागी पाणी वळवण्याचे काम करायचे असते, खालच्या पट्ट्यातून माणसे हलवायची असतात.

टप्पा १०: डोंगरावर जाऊन पडताळणी

फक्त लाल ठिकाणी जाऊ नका. काही हिरवी आणि एकमत नसलेलीही निवडा, नाहीतर नकाशा कुठे चुकला ते कळणारच नाही. उतारावर आडव्या भेगा, बुंध्यापाशी वाकलेली झाडे, कललेले विजेचे खांब, घराच्या जोत्याला तिरपे तडे, रस्त्याचे खचलेले डांबर, नव्याने फुटलेला पाझर हे सगळे फोटो आणि जीपीएससह टिपा. वाडीतल्या जाणत्यांना आणि गुरे चारणाऱ्यांना विचारा. कुठल्या साली कुठली घळ फुटली होती, कुठला झरा पावसात अचानक गढूळ होतो, हे त्यांना ठाऊक असते. उपग्रह चित्रे सुरू होण्याआधीच्या दरडीही अशाच कळतात. त्या यादीत घाला, खात्रीचा रकाना भरून.

सावध: पडताळणीला भर पावसात जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुणा ताज्या असतात आणि उतार सुटण्याची भीती बरीच कमी झालेली असते. पावसाळ्यातच घराला नवा तडा किंवा जमिनीला वाढती भेग दिसली तर मॉडेलची वाट पाहायची नाही. तलाठी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला त्याच दिवशी कळवा आणि घरे रिकामी करायला सांगा.

नकाशा सोपवताना त्यावरच छापा: पिक्सेल किती मीटरचा आहे, दरडी कुठल्या वर्षापर्यंतच्या आहेत, कुठला प्रकार यात आहे आणि कुठला नाही. ३० मीटरचा नकाशा मोठा करून ‘माझे घर लाल आणि शेजारचे पिवळे’ असे वाचता येऊ नये म्हणून पीडीएफ १:२५,०००पेक्षा मोठ्या प्रमाणात देऊ नका. हा नकाशा बांधकाम परवानगीसाठी नाही, तिथे भूवैज्ञानिकाची जागेवरची पाहणीच लागते, हेही ठळक लिहा. गावात लावायच्या प्रतीवर वाड्यांची नावे स्थानिक लोक म्हणतात तशीच घाला, आणि पोच-पट्ट्याबाहेरची जमण्याची जागा गावाबरोबर बसून ठरवून दाखवा.

दर नोव्हेंबरला नव्या दरडी यादीत घाला. मॉडेल पुन्हा शिकवण्याआधी जुना नकाशा त्या नव्या दरडींवर तपासा आणि तो निकाल नव्या नकाशाच्या कोपऱ्यात वर्षासह छापा.